गढ्याचा मदनमहाल

जबलपूरच्या पश्चिमेस ग्रॅनाइट शिळांच्या टेकड्यांची एक रांग आहे. त्यांपैकी एका टेकडीच्या माथ्यावर, एकाच प्रचंड शिळेवर उभारलेली एक लहानशी दगडी वास्तू दिसते. तिलाच मदनमहाल म्हणतात. नाव महालाचे असले, तरी वैभव पाहण्याच्या अपेक्षेने वर चढणाऱ्याची निराशाच व्हावयाची. मोजकी दालने, वर गच्ची, समोर पागेचे अवशेष आणि पाण्याचे एक कुंड, एवढाच तिचा पसारा. निवासापेक्षा टेहळणीलाच ती अधिक सोयीची आहे. गच्चीवरून गढ्याचा सारा परिसर नजरेत येतो.

गढा हा आज जबलपूर शहराचाच एक भाग. परंतु गोंड राजांच्या गढा-मंडला राज्याचे नाव त्याच्यावरूनच पडले. मदनसिंह नावाच्या राजाने इ. स. ११०० च्या सुमारास हा महाल बांधला, अशी परंपरा आहे. या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. लोकांना मात्र त्याची फिकीर नाही. त्यांच्या लेखी हा महाल राणी दुर्गावतीचा.

दुर्गावती ही चंदेल कुळातील कन्या. पती दलपतशहा निवर्तल्यावर अल्पवयीन पुत्र वीरनारायण याच्या नावाने तिने सुमारे पंधरा वर्षे राज्य केले. १५६४ साली अकबराचा सरदार आसफखान चालून आला. नर्रई नाल्याजवळच्या लढाईत घायाळ झाल्यावर, शत्रूच्या हाती जिवंत सापडू नये म्हणून तिने स्वहस्ते प्राण दिला. पुढे १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गोंडांची सत्ता संपविली. मग नागपूरकर भोसले आले आणि १८१७ साली इंग्रज. राज्ये बदलली, पण राणीची आठवण बुजली नाही. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिच्या समाधीची हकीकत दिली आहे. येणारेजाणारे वाटसरू आसपास सापडणाऱ्या स्फटिकांतील सुंदरसा खडा निवडून समाधीवर वाहत. जवळचे दोन मोठे गोल धोंडे म्हणजे राणीचे नगारेच, आणि मध्यरात्री ते वाजतात, अशी त्यांची समजूत होती. त्या साहेबालाही तेथे एक खडा वाहिल्यावाचून राहवले नाही.

मदनमहालाविषयी अशीच एक दंतकथा आहे. त्याच्या छायेत, दोन शिळांच्या मध्ये नऊ लाखांचे धन आणि सोन्याच्या दोन विटा पुरल्या आहेत, असे म्हणतात. परंतु लोकस्मृतीने जतन केलेले खरे धन निराळेच आहे. राणीने खोदविला तो रानीताल, तिच्या दासीचा तो चेरीताल आणि अधार कायस्थ या मंत्र्याचा तो अधारताल, असे जबलपूरकर सांगत आले आहेत. राणी, चेरी आणि मंत्री यांना एकाच पंक्तीत बसविणारी ही स्मृती राजवंशावळीत सापडावयाची नाही.

आज चेरीतालच्या जागी दाट वस्ती आहे आणि रानीतालचे नाव क्रीडांगणाला उरले आहे. मदनमहाल संरक्षित वास्तू आहे. त्याचे दगड टिकतील. तळ्यांना तसे कवच लाभले नाही. पाणी गेल्यावर केवळ नावावर स्मृती किती काळ तगेल, हा प्रश्न जबलपूरकरांपुढे आहे. ज्या तळ्यात अजून पाणी आहे, त्या अधारतालाच्या काठी उभे राहून त्याचा विचार करणे अधिक बरे.