बेदाण्याची हवा, बर्फाची हवा

फेब्रुवारी लागला की तासगाव, मिरज भागात बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षे पसरली जातात. मग शेतकऱ्याचे लक्ष आभाळाकडे. हवा दमट झाली की बेदाणा सुकत नाही. हिवाळी क्रीडास्पर्धांसाठी शहर निवडणाऱ्यांनाही आता थंडीबरोबर हवेचा कोरडेपणा पाहावा लागतो.

कारण नैसर्गिक बर्फाचा भरवसा उरलेला नाही. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा २२ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरू होणार होता. पुरेसा बर्फ नसल्याने तो लांबला आणि ९ ते १२ मार्चला झाला.

मग कृत्रिम बर्फ का नाही? त्याची यंत्रे पाण्याचा बारीक फवारा थंड हवेत उडवतात. हवा कोरडी असेल तर थेंबातील थोड्या पाण्याची वाफ होते आणि उरलेला थेंब आणखी गार होतो. माठातले पाणी गार होते ते याच तत्त्वाने. दमट हवेत मात्र बर्फासाठी पारा बराच खाली जावा लागतो. बीजिंगचा हिवाळा थंड आणि कोरडा. म्हणूनच २०२२ चे हिवाळी ऑलिंपिक जवळजवळ पूर्णपणे कृत्रिम बर्फावर होऊ शकले. पण हा बर्फ घट्ट असतो. त्यावर पडल्यास मार जोरात बसण्याचा धोका असतो.

उंचावर थंडी हमखास मिळते. २०२५ मध्ये लेहमधील स्केटिंग आणि आइस हॉकीच्या स्पर्धा २३ ते २७ जानेवारीदरम्यान पार पडल्या. मात्र लेहची उंची सुमारे ३,५०० मीटर, तर सांगलीची साधारण ५५०. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असल्याने प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. सपाटीवरून थेट विमानाने गेलेल्या खेळाडूला डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश असा त्रास होऊ शकतो. म्हणून पहिले दोन दिवस विश्रांती घ्यायची, सराव नंतर. धाप किंवा गोंधळलेपण वाढले तर तातडीने उपचार घेऊन खाली उतरायचे.

पुढे निवड आणखी अवघड होणार आहे. अभ्यासकांनी जगातील ९३ संभाव्य ठिकाणे तपासली. २०५० च्या दशकात त्यांतील ५२ ठिकाणीच ऑलिंपिकसाठी भरवशाची थंडी असेल, असा त्यांचा अंदाज आहे. दिव्यांग खेळाडूंचे पॅरालिंपिक मार्चमध्ये होते. त्यासाठी उरतील अवघी २२. त्यामुळे कोणते शहर, यापेक्षा कोणता महिना हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.