डिझेल कुठल्या पंपावर भरलं होतं?

गाडी ऑइल खायला लागली, चढावर दम टाकायला लागली किंवा सकाळी सुरू करताना खडखडायला लागली, की सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो : डिझेल कुठल्या पंपावर भरता? प्रश्न साधा वाटतो, पण निकाल त्यातच लागलेला असतो. खोट तुमच्या पंपात आहे. पंपात नसली तर तुमच्या चालवण्यात, आणि तिथेही सापडली नाही तर मागच्या सर्व्हिसला झालेल्या उशिरात. म्हणून जुलै २०२१मध्ये नाशिकसंबंधी आलेली एक छोटी बातमी गाडीवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. महिंद्रा अँड महिंद्रानं शेअर बाजाराला कळवलं, की २१ जून ते २ जुलै या काळात नाशिकच्या कारखान्यात तयार झालेल्या, सहाशेपेक्षा कमी डिझेल गाड्या तपासून दुरुस्त केल्या जातील. कारण असं, की एका विशिष्ट दिवशी कारखान्यात आलेलं इंधनच दूषित असावं आणि त्यामुळे इंजिनाच्या भागांना बाधा पोचली असावी, असा कंपनीला संशय होता. तपासणी-दुरुस्ती मोफत, आणि प्रत्येक ग्राहकाला कंपनी स्वतः गाठणार. म्हणजे डिझेल खराब होतं खरं, पण ते पंपावरचं नव्हतं.

त्र्यंबक रस्त्यावरच्या चौकाला आजही मायको सर्कल म्हणणाऱ्या शहराला खराब डिझेल काय करतं हे फार समजावून सांगावं लागू नये. मायको, म्हणजे आताची बॉश, सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल वर्षानुवर्षं बनवते आहे. आजच्या इंजिनात डिझेल दीड-दोन हजार बार इतक्या दाबानं, केसाएवढ्या बारीक छिद्रांतून सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इंजिनातल्या इंधन-पंपाच्या आणि इंजेक्टरच्या हलत्या भागांना वेगळं वंगण नसतं, डिझेल हेच त्यांचं वंगण. त्यात पाणी किंवा बारीक कचरा आला की धातूवर धातू घासतो, फवारा बिघडतो, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि झीज पिस्टनच्या रिंगांपर्यंत पोचते. हे एका दिवसात दिसत नाही. आता असं धरा, की त्या गाड्यांपैकी एखादी कंपनीनं बोलावलीच नसती आणि वीस हजार किलोमीटरनंतर ती आवाज करत काउंटरवर आली असती. मालकानं पंपाच्या सगळ्या पावत्या जपून ठेवल्या असत्या, तरी कारखान्यात कोणत्या तारखेला कसलं इंधन आलं हे त्याला कळायचा काही मार्ग नव्हता. कंपनीनं ते आपणहून सांगितलं हे तिला शोभलंच. पण ग्राहकाचा लाखभराचा खर्च कंपनीच्या शोभण्यावर अवलंबून असावा का, हा प्रश्न उरतो.

इंजिनातला दोष ‘माहीत असलेला’ आहे असं आपण म्हणतो, तेव्हा तो कोणाला माहीत असतो, इथेच सगळं अडतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत महिंद्रानं थारच्या १,५७७ डिझेल गाड्या बोलावल्या होत्या. त्या ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२०दरम्यान बनलेल्या होत्या. सुटे भाग पुरवणाऱ्याच्या कारखान्यात एका दिवशी मशीनचं सेटिंग चुकलं आणि इंजिनाच्या कॅमशाफ्टमध्ये दोष राहिला असावा, असं कारण दिलं गेलं. आकडा पाहा : सुमारे दीड हजार असं मोघम नाही, एक हजार पाचशे सत्त्याहत्तर. इतका नेमका आकडा देता येतो, कारण प्रत्येक इंजिनाला नंबर असतो, आणि कोणत्या खेपेतला भाग कोणत्या चासीत गेला याची नोंद ठेवलेली असते. शिवाय देशभरच्या वर्कशॉपमधून वॉरंटीचे दावे कंपनीकडे जमा होत असतात, त्यामुळे एकच भाग वारंवार बदलावा लागतो आहे हे सगळ्यात आधी तिलाच कळतं. मग वर्कशॉपना एक तांत्रिक सूचनापत्र जातं : अमुक नंबरांच्या इंजिनात असा आवाज आला तर हा भाग नव्या नमुन्याचा बसवा. अमेरिकेत कंपन्यांना ही पत्रं रस्ते-सुरक्षा यंत्रणेकडे द्यावी लागतात आणि तिच्या संकेतस्थळावर ती कोणालाही वाचता येतात. आपल्याकडे ती काउंटरच्या पलीकडेच राहतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्ञात दोषाच्या भांडणात इंजिन बिघडलं का हा मुद्दा दुय्यम असतो. ते आधी कोणाला कळलं होतं यावर खर्च कोणी उचलायचा हे ठरायला हवं. आणि तो पुरावा ज्याच्या कपाटात आहे, त्याच्यावरच तो दाखवण्याची जबाबदारी असायला हवी.

यावर कोणी म्हणेल, की आता रिकॉलचा कायदा आहे ना? आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनं कलम ११०-अ आलं, आणि १ एप्रिल २०२१पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्या, ठरावीक संख्येनं तक्रारी आल्या की चौकशी, आणि कंपनीनं आपणहून पाऊल उचललं नाही तर दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड. मात्र या कलमाचा दरवाजा अरुंद आहे. दोषामुळे पर्यावरणाला, गाडीतल्या माणसांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना इजा पोचण्याची शक्यता असेल तरच तो उघडतो. धूर आणि प्रदूषण हा विषय सरकार गांभीर्यानं घेतं. कायदा नव्हता तेव्हाही २०१३मध्ये जनरल मोटर्सला एक लाख चौदा हजारांच्या आसपास टवेरा परत बोलवाव्या लागल्या, आणि पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेनं केलेल्या चाचण्यांनंतर २०१५च्या डिसेंबरात फोक्सवॅगननं सव्वातीन लाख डिझेल गाड्या दुरुस्तीला घेण्याचं जाहीर केलं. पण जे इंजिन कोणाला इजा करत नाही, फक्त मालकाचा खिसा रिकामा करतं, त्याचं काय? ऐंशी हजार किलोमीटरवर रिंगा जाणं, टायमिंग चेन ढिली पडणं हे या दरवाजातून आत येत नाही. नव्या ग्राहक कायद्यातलं ‘उत्पादन-दायित्वा’चं प्रकरण वाचून आशा वाटते, तर तिथे नुकसानीच्या व्याख्येतूनच खुद्द त्या वस्तूला झालेलं नुकसान वगळलेलं आहे. इंजिन फुटून माणूस भाजला तर हे प्रकरण लागू, नुसतं इंजिनच गेलं तर नाही. व्याख्या लिहिणाऱ्यानं कधी इंजिनाच्या कामाचं बिल भरलेलं नसावं.

उरतो जुनाच आणि खरं तर अधिक भक्कम रस्ता : सदोष वस्तू विकल्याची तक्रार. इथे वॉरंटी या शब्दाची एक भूल उतरवायला हवी. तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर ही मुदत म्हणजे कंपनीनं आपणहून दिलेलं वचन. ते संपलं म्हणजे गाडी चांगल्या प्रतीची असली पाहिजे ही अपेक्षा संपली असं होत नाही. मालविक्रीचा १९३०चा कायदा विकलेल्या मालाच्या प्रतीची हमी गृहीत धरतो, आणि ग्राहक संरक्षण कायदाही ‘दोष’ ठरवताना लेखी कराराबरोबर गर्भित करार मोजतो. वॉरंटी संपल्यावर कंपन्या ‘गुडविल’ म्हणून सुट्या भागांचा निम्मा खर्च देऊ करतात, तो या अर्थानं उपकार नव्हे. कित्येकदा ती आतल्या सूचनापत्राची मूक कबुली असते. मात्र मागताना काय मागायचं हे नीट ठरवलेलं बरं. सर्वोच्च न्यायालयानं २००६मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सांगितलं, की वॉरंटीत बिघडलेला भाग दुरुस्त करून किंवा बदलून द्यायचं वचन असेल तर सगळी गाडीच बदलून मागता येत नाही. इंजिन सदोष असेल तर इंजिन मागावं. नवी गाडी मागणाऱ्याची फाइल जाड होते आणि वर्षं लांबतात. फियाटच्या एका गाडीच्या इंजिनाच्या आवाजावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या खटल्यात २०१०च्या सुमारास रस्ता दाखवला गेला तो असा : स्वतंत्र तज्ज्ञानं गाडी तपासावी, आणि मुळातला दोष निघाला तर पैसे व्याजासह परत. म्हणजे सगळं तज्ज्ञाच्या अहवालावर येऊन ठेपतं. नमुना प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला आहे. पन्नास लाखांपर्यंतच्या गाडीची तक्रार नाशिकच्या आयोगात, राहत्या जिल्ह्यात, करता येते. दहा ते वीस लाखांच्या गाडीला शुल्क चारशे रुपये, आणि वकील असलाच पाहिजे असं नाही. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट नेणारा पिकअपवालाही स्वतःच्या पोटासाठी गाडी चालवत असेल तर कायद्यानं ग्राहकच ठरतो. वीस गाड्या भाड्यानं फिरवणारा ठरत नाही. तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही ओढावं, कारण २०२१मध्ये गोव्यातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डीलरच्या परस्पर चुकीची जबाबदारी कंपनीवर टाकायला नकार दिला. उलट इंजिनाचा दोष हा कंपनीचाच, आणि डीलर ‘आम्ही फक्त विकतो’ म्हणून हात वर करतो.

पण आयोगात जाण्याआधीच बहुतेक प्रकरणं एका कागदावर हरलेली असतात. तो कागद म्हणजे जॉब कार्ड. मालक सांगतो, सकाळी सुरू केल्यावर दहा सेकंद टकटक येते आणि महिन्याला अर्धा लिटर ऑइल टाकावं लागतं. अॅडव्हायझर तक्रारीच्या रकान्यात टाइप करतो ‘जनरल चेकअप’. संध्याकाळी गाडी धुऊन मिळते आणि खाली शेरा असतो, ‘तपासलं, ओके’. दोन वर्षांनी हाच कागद कंपनीचा वकील पुढे ठेवतो : आवाजाची तक्रार कधी नव्हतीच. तेव्हा सही करण्याआधी आपले शब्द, किलोमीटर आणि तारीख कार्डावर आली आहे का हे बघणं, नसेल तर हातानं लिहून त्याचा फोटो घेणं, हे कायद्याच्या कुठल्याही कलमाहून कामाचं. ऑइलचं तर मोजमापच करता येतं. ठरलेल्या खुणेपर्यंत ऑइल भरायचं, ड्रेन प्लगला सील लावायचं, हजार किलोमीटर चालवून गाडी परत आणायची आणि किती कमी झालं ते लेखी घ्यायचं. ‘थोडंफार खातंच’ हे वाक्य मग मिलिलिटरमध्ये सांगावं लागतं. मुदतही ध्यानात असावी : तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. लपलेल्या दोषाचं कारण विक्रीच्या दिवशी घडलं की दोष उघड झाला त्या दिवशी, यावर वकील वाद घालत बसतात. दोष दिसल्यावर ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ म्हणणारा त्यांना आयती संधी देतो.

कंपन्यांच्या बाजूचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. गाडी कशी चालवली, ऑइल कधी बदललं, साचलेल्या पाण्यात घातली का, यावर इंजिनाचं आयुष्य ठरतं, आणि दहा हजार किलोमीटरची सर्व्हिस अठरा हजारांवर करून वर भांडणारे महाभागही असतात. पण हा आक्षेप एकट्या गाडीला लागू पडतो. एकाच महिन्यात बनलेल्या, वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळ्या माणसांनी चालवलेल्या गाड्यांचा एकच भाग जात असेल, तर त्या सगळ्यांनी एकसारखा निष्काळजीपणा केला असं मानणं फारच सोयीचं आहे. म्हणूनच समदुःखी शोधणं महत्त्वाचं, आणि सारखी तक्रार असलेल्या अनेकांना परवानगीनं एकत्र दावा लावता येतो. नोंदणीकृत ग्राहक संघटनाही त्यांच्या वतीनं उभी राहू शकते. अशा संघटनांची महाराष्ट्राला पन्नास वर्षांची सवय आहे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४मध्ये. दुसरा आक्षेप किमतीचा : असं सगळं उघड केलं तर दुरुस्तीचा खर्च वाढेल आणि तो शेवटी गाडीच्या किमतीतच जाईल. जाईलही. पण आज तो खर्च नाहीसा होत नाही, ज्याच्या वाट्याला खराब खेपेतली गाडी आली त्या एकट्याच्या बोडक्यावर बसतो. आणि लपवण्याचा खर्च काय असतो ते ह्युंदाई-किआनं अमेरिकेत पाहिलं. त्यांच्या थीटा-२ इंजिनात क्रँकशाफ्ट घडवताना उरलेला धातूचा चुरा ऑइलच्या वाटा अडवत होता, बेअरिंग जळत होती. २०१५ आणि २०१७मध्ये रिकॉल झाले, ते उशिरा आणि अपुरे होते म्हणून २०२०मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून २१ कोटी डॉलरचा भार मान्य केला. आतली माहिती बाहेर देणाऱ्या कोरियन अभियंत्याला पुढच्या वर्षी २ कोटी ४० लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. आणि मालकांच्या सामूहिक दाव्यातून त्या इंजिनाच्या मुख्य भागाला आजीवन वॉरंटी द्यावी लागली, गाडी दुसऱ्याच्या हातात गेली तरी.

आपल्याकडे सूचनापत्रं खुली होईपर्यंत मालकाच्या हातात एक साधं पत्र आहे. स्पीड पोस्टानं किंवा ईमेलनं, डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला, चासी नंबर आणि इंजिन नंबर लिहून : या नंबराच्या इंजिनासाठी किंवा त्याच्या खेपेसाठी तुम्ही वर्कशॉपना कोणतीही तांत्रिक सूचना दिली आहे का, आणि दिली असल्यास कोणत्या तारखेची? होकार आला तर भांडण निम्मं संपलं. नकार आला आणि नंतर सूचना सापडली, तर तो नकारच आयोगापुढे ठेवता येतो. उत्तरच आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून तोच प्रश्न तक्रारीत पहिल्या क्रमांकावर लिहावा. पंपाच्या पावत्या मागणाऱ्या काउंटरला एवढी एक तारीख विचारण्यात अवघड काही नाही.