उपग्रहाने मोजलेली उंची कितपत खरी?

फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत पृथ्वीवरच्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची रडारने मोजली. ‘एसआरटीएम’ नावाची ही माहिती मोफत मिळते. पूर, दरडी, धरणं यांच्या कितीतरी अभ्यासांचा पाया आजही तीच आहे. दहापैकी नऊ ठिकाणी चूक १६ मीटरच्या आत असावी, एवढीच मूळ अट होती. प्रत्यक्षात बहुतेक भागांत चूक त्याहून बरीच कमी निघाली.

हे कळतं ते जमिनीवर उतरल्यावरच. निवडक ठिकाणी अचूक जीपीएस लावून उंची घेतात आणि तिथल्याच उपग्रही आकड्याशी ताडतात. त्याआधी दोन्ही उंच्या एकाच पातळीपासून मोजलेल्या हव्यात. जीपीएस पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजतं, नकाशे समुद्रसपाटीपासून. महाराष्ट्रात या दोन पातळ्यांत ५० मीटरहून अधिक अंतर आहे. ते विसरलं, तर पुढची सगळी मेहनत फुकट. मग फरकांचे वर्ग, त्यांची सरासरी, तिचं वर्गमूळ, आणि अहवालात एकच आकडा छापून येतो.

त्या एका आकड्यावर माझा भरवसा नाही. तपासणीचे बिंदू घेतले जातात ते जिथे माणूस यंत्र घेऊन पोचतो तिथे: रस्त्याकडेला, मोकळ्या माळावर. सपाट जमिनीवर उपग्रह चुकतो कमी. सह्याद्रीत गोष्ट वेगळी. ४५ अंशांच्या उतारावर नकाशा १० मीटर बाजूला सरकला, की उंची थेट १० मीटरने चुकते. कड्याच्या आड रडारची लहर पोचतच नाही, तिथली जागा कोरी राहते आणि नंतर अंदाजाने भरली जाते. सुळक्याचं टोक आजूबाजूच्या उंचीत मिसळून बुटकं होतं. दरडी कोसळतात त्या नेमक्या अशाच जागी, आणि तपासणीचे बिंदू तिथेच नसतात.

किनाऱ्यावर अडचण दुसरी. एसआरटीएमची लहर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपासची. ती बरीचशी झाडांच्या पानाफांद्यांवरून आणि छपरांवरून परतते, त्यामुळे जमीन आहे त्याहून उंच दिसते. कल्प आणि स्ट्रॉस या संशोधकांनी २०१९ मध्ये ही चूक दुरुस्त करून पाहिली, तेव्हा भरतीरेषेखाली राहणाऱ्या जगातल्या लोकांचा अंदाज २ कोटी ८० लाखांवरून ११ कोटींवर गेला. मुंबई पाण्याखाली दाखवणारे तेव्हाचे नकाशे याच अभ्यासातले. ही दुरुस्ती मात्र मुख्यतः अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या लेसर मोजणीतून शिकलेली होती. आपल्या खाजणांत आणि दाट वस्त्यांत ती कितपत लागू पडते, हे इथल्या जमिनीवर मोजूनच ठरवावं लागेल.

म्हणून पूररेषेचा किंवा दरडप्रवण गावांचा नकाशा समोर आला, की चूक किती एवढंच विचारू नका. ती कुठे तपासली, आपल्या गावच्या उतारावर तपासली का, हेही विचारा. उत्तर नकाशावरच छापलेलं असलं पाहिजे.