हवा विरळ, टर्बो जोरात

बेंगळुरूला टर्बोचार्जरची ओळख मोटारींच्या खूप आधी झाली, तीही विमानांमुळे! दुसरं महायुद्ध संपल्यावर बी-२४ लिबरेटर ही बॉम्बफेकी विमानं कानपूरला मोडीत निघाली होती. बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याने त्यातली चाळीसेक विमानं उडवत बेंगळुरूला आणली, ठाकठीक केली आणि हवाई दलाच्या हवाली केली. १९६८ पर्यंत ती सेवेत होती. एकेका विमानाला चार इंजिनं आणि प्रत्येक इंजिनाला टर्बो. हा कारखाना १९४० मध्ये उभा केला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी.

विमानाला टर्बो कशाला? उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम कोंडतो म्हणून; टर्बो जास्तीची हवा आत कोंबून ती कसर भरतो. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूकी यांनी टर्बोचं पेटंट १९०५ मध्येच घेतलं होतं. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस या अमेरिकी इंजिनिअरने विमानाचं इंजिन थेट पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंच डोंगरावर नेलं. टर्बोशिवाय ते जेमतेम २३० अश्वशक्ती देत होतं. टर्बो जोडल्यावर भरली ३५६!

आता बेंगळुरूकडे बघा. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटरवर आहे, म्हणजे लोणावळ्यापेक्षाही तीनशे मीटर उंच. मुंबईच्या तुलनेत इथे हवेचा दाब जवळपास दहा टक्क्यांनी कमी. साधं पेट्रोल इंजिन साधारण तेवढीच ताकद गमावतं. टर्बो मात्र थोडा जास्त वेगाने फिरून ही तूट भरून काढतो. मला विचाराल तर बेंगळुरूत टर्बो गाडी घ्यायचं हे पहिल्या नंबरचं कारण आहे. शोरूममधलं बोलणं मात्र पिकअपपाशीच थांबतं.

ही करामत चालते फुकटच्या इंधनावर. पेट्रोल जळून निघालेल्या ऊर्जेतला साधारण एक तृतीयांश भाग सायलेन्सरवाटे उष्णता होऊन निघून जातो. टर्बो त्याच धुरावर चाक फिरवतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. छोट्या गाडीत हे चाक असतं पाचएक सेंटिमीटरचं, पण मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतं. एका अंगाला ९०० अंशांपलीकडचा धूर, दुसऱ्या अंगाला आत ओढली जाणारी हवा, आणि मधला दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून टर्बोवाल्यांनो, ऑइलमध्ये काटकसर नको! मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला आणि वेळच्या वेळी बदला. हायवेवर गाडी दामटून आलात तर बंद करण्याआधी अर्धा-एक मिनिट नुसती चालू ठेवा. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही बॉनेटखालून घूंऽऽ असा आवाज येत राहतो. घाबरू नका, तापलेल्या टर्बोला पाणी फिरवणारा तो विजेचा पंप आहे.

एवढं सगळं असून ॲव्हरेज का पडतं? कंपनीच्या जाहिरातीतला आकडा येतो एआरएआयसारख्या संस्थेच्या चाचणीतून. एआरएआय म्हणजे पुण्याच्या वेताळ टेकडीवरची प्रसिद्ध संस्था. या चाचणीचा सरासरी वेग ताशी साधारण ३२ किलोमीटर आणि कमाल वेग ९०. टॉमटॉमच्या २०२२ च्या मोजणीत मात्र बेंगळुरूच्या मध्यभागात १० किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटं १० सेकंद लागत होती. म्हणजे वेग ताशी वीसच्या आसपास. शहरातल्या सिल्क बोर्ड चौकाच्या कोंडीत रांगताना धूर इतका कमी निघतो की टर्बो जवळजवळ निजलेलाच असतो. मग छोट्या टर्बो गाडीचं ९९९ सीसीचं इंजिन एकट्याने गाडी ओढतं. पुढे जरा मोकळी जागा दिसली की आपण पाय गच्च दाबतो, टर्बो खडबडून जागा होतो आणि पेट्रोलची धार लागते. जोर फार वाढला तर इंजिन स्वतःला थंड ठेवायला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल शिंपतं. टर्बोत ॲव्हरेज पायावर असतं, साध्या इंजिनापेक्षा कितीतरी जास्त.

मग इंजिनं एवढी बारकी का केली? त्यात कराचाही मोठा हात आहे. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी सरकार छोटी मानतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर १८ टक्के जीएसटी आहे, तर त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांवर ४० टक्के. एक लिटरच्या टर्बोतून दीड लिटरच्या साध्या इंजिनाएवढी ताकद निघते आणि गाडी खालच्या करात बसते.

प्रदूषणाचा हिशेब सरळ आहे. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, इंजिनाला टर्बो असो वा नसो. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांतून बारीक काजळीचे कणही निघतात. म्हणून बीएस-६ नियमांत त्या कणांची संख्यासुद्धा मोजली जाते, आणि एप्रिल २०२३ पासून धुराची तपासणी खऱ्या रस्त्यावरही होते. ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा मामला दुहेरी आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घसरतं. पण त्याचा ऑक्टेन चढा आणि ते सिलिंडर थंड ठेवतं. टर्बोला दोन्ही मानवतं, फक्त इंजिन तसं ट्यून केलेलं हवं.

टर्बोला पर्यायही जवळच तयार होतो. बेंगळुरू शहरापासून तीसेक किलोमीटरवर बिडदी आहे. तिथे किर्लोस्कर घराण्याच्या भागीदारीतला टोयोटाचा कारखाना आहे. २००५ मध्ये इथूनच टर्बो डिझेल इनोव्हा निघाली आणि दक्षिणेचे रस्ते तिने काबीज केले. २०२२ मध्ये तिथेच इनोव्हा हायक्रॉस आली. तिच्या पेट्रोल इंजिनाला टर्बो नाही. तिच्या हायब्रिड मॉडेलमध्ये इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आहे, आणि चाचणीतलं ॲव्हरेज लिटरमागे २३.२४ किलोमीटर. कोंडीत ती बऱ्याचदा इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवर सरकते. ज्यांचं रोजचं येणंजाणं सिल्क बोर्डवरून आहे त्यांनी खुशाल हायब्रिड बघावी. पण सुट्टी लागली की बेळगाव, कोल्हापूर, पुण्याकडे निघायचं असेल, तर टर्बोच घ्या आणि पाय हलका ठेवा.