अटकेची नोंद आणि नागरिकांचा जाणून घेण्याचा अधिकार : वटार (ता. वसई) गावाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

एखाद्या व्यक्तीस पोलिसांनी नेले असे समजल्यावर कुटुंबीयांपुढे उभा राहणारा पहिला प्रश्न कायद्याचा नसतो. 'त्याला कोठे ठेवले आहे?' हा तो प्रश्न असतो. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत देशोदेशी वेगळी आहे. अमेरिकेतील ग्रामीण काउंटीमध्ये शेरीफ हा बहुधा निवडून आलेला अधिकारी असतो आणि काउंटीच्या तुरुंगातील व्यक्तींची यादी अनेक ठिकाणी सर्वांस खुली असते. भारतात अशी सर्वांसाठी खुली असलेली सलग सूची ही परंपरा नाही. येथे अटकेची माहिती उघड करण्याचे बंधन अटक झालेल्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी निर्माण झाले. हा हेतू लक्षात घेतला म्हणजे नोंद कोठे शोधावी आणि तिचा वापर कोठवर करावा या दोन्ही प्रश्नांचा उलगडा होतो. प्रस्तुत लेखात पालघर जिल्ह्यातील वटार गावाच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार करण्यात आला आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी :

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटक झालेल्या व्यक्तीस अटकेची कारणे सांगणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत तिला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक आहे. तथापि कुटुंबीयांस कळविण्याचा स्पष्ट उल्लेख या अनुच्छेदात नाही. ही उणीव न्यायालयीन निर्णयांनी भरून काढली आणि त्याचा आरंभ महाराष्ट्रातील एका प्रकरणापासून झाला, हे विशेष होय. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतील पोलीस कोठड्यांमधील स्त्रियांच्या स्थितीविषयी लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये निर्देश दिले. अटक होताच त्या व्यक्तीकडून नातेवाईक वा मित्राचे नाव घेऊन त्यास कळवावे आणि नजीकच्या विधी साहाय्य समितीसही सूचना द्यावी, असे त्यात म्हटले होते.

पुढे १९९४ च्या जोगिंदर कुमार प्रकरणात आणि डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू प्रकरणात हेच तत्त्व अधिक तपशिलाने मांडले गेले. बसू निर्णयातील अकरा निर्देशांपैकी अखेरचा निर्देश नियंत्रण कक्षाविषयी आहे. अटक आणि कोठडीचे ठिकाण बारा तासांच्या आत नियंत्रण कक्षास कळवावे व ते तेथील सूचना फलकावर ठळकपणे लावावे, असा तो निर्देश आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५०-ए २००६ पासून आणि कलमे ४१-बी ते ४१-डी १ नोव्हेंबर २०१० पासून अमलात आल्याने या निर्देशांना संसदेच्या कायद्याचे अधिष्ठान लाभले.

नव्या संहितेतील बदल :

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या कलम ३६ नुसार अटकेच्या वेळी अटक ज्ञापन तयार करावे लागते. त्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष आणि अटक झालेल्या व्यक्तीची प्रतिस्वाक्षरी आवश्यक असते. कलम ४८ नुसार नातेवाईकास वा मित्रास कोठडीच्या ठिकाणासह कळविणे आणि ते कोणास कळविले याची ठाण्यातील वहीत नोंद करणे बंधनकारक आहे. कलम ३७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात व प्रत्येक पोलीस ठाण्यात साहाय्यक फौजदार दर्जाहून कमी नसलेला अधिकारी नेमून त्याने अटक झालेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती ठेवावयाची असते. ही माहिती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयी ठळकपणे, डिजिटल माध्यमासह, प्रदर्शित करावयाची असते.

येथे एक सूक्ष्म परंतु महत्त्वाचा बदल ध्यानात घेण्याजोगा आहे. जुन्या कलम ४१-सी मध्ये फलकावर अटक झालेल्याच्या नावाबरोबर अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा देणे अभिप्रेत होते. नव्या कलमात त्या अधिकाऱ्याच्या नावाचा उल्लेख उरलेला नाही आणि गुन्ह्याचे स्वरूप मात्र थेट फलकावर आले आहे. अटक करणाऱ्याने आपल्या नावाचे स्पष्ट ओळखचिन्ह धारण करण्याचे बंधन कलम ३६ मध्ये कायम आहे, ही गोष्ट खरी. तथापि जो फलक पोलिसांस उत्तरदायी ठेवण्यासाठी कल्पिलेला होता, तो आरोपीविषयीच्या माहितीकडे अधिक झुकला आहे, असे म्हणावे लागते.

वटारच्या संदर्भातील अडचण :

वटार हे वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील गाव. या परिसराची प्रशासकीय चौकट अल्पावधीत अनेकदा बदलली. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाचे कामकाज सुरू झाले. परिणामतः महसुलाच्या दृष्टीने गाव पालघर जिल्ह्यात असले, तरी तेथील पोलीस ठाणे पालघरच्या पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येत नाही. ते मिरारोड येथे मुख्यालय असलेल्या आयुक्तांच्या अखत्यारीत येते. या आयुक्तालयातील मीरा-भाईंदरचा भाग तर ठाणे जिल्ह्यात मोडतो.

कायद्याच्या भाषेत 'जिल्हा मुख्यालय' असा शब्द आहे. गावकऱ्याच्या मनात जिल्हा म्हणजे पालघर. त्यामुळे पालघरच्या नियंत्रण कक्षाकडे चौकशी करून 'येथे नोंद नाही' असे उत्तर मिळाल्यास अटकच झाली नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर शोध घेतानाही पोलीस घटक म्हणून आयुक्तालयाची निवड करावी लागते. जुन्या प्रकरणांच्या बाबतीत तर २०१४ पूर्वीची नोंद ठाणे ग्रामीण पोलिसांच्या आणि २०१४ ते २०२० या काळातील नोंद पालघर पोलिसांच्या नावे शोधावी लागते.

शोधाचा क्रम :

पहिली पायरी म्हणजे पोलीस ठाणे. ठाणे अंमलदाराकडे चौकशी करताना अटकेची वेळ, गुन्हा रजिस्टर क्रमांक (गु. र. क्र.), लावलेली कलमे आणि तपासी अधिकाऱ्याचे नाव या चार गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात. अटक दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने केलेली असल्यास नोंद त्या ठाण्यात असते. अशा वेळी आयुक्तालयाचा नियंत्रण कक्ष ही दुसरी पायरी ठरते.

तिसरी पायरी प्रथम खबरी अहवालाची. यूथ बार असोसिएशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये हे अहवाल चोवीस तासांच्या आत संकेतस्थळावर ठेवण्याचे निर्देश दिले. लैंगिक गुन्हे, बालकांवरील लैंगिक अत्याचार, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली आहेत. तसेच प्रतिबंधक अटकेत गुन्हाच दाखल नसल्याने तिचा मागोवा या मार्गाने लागत नाही. 'चौकशीसाठी बोलावले' असे सांगितले गेल्यास लेखी नोटीस दिली आहे काय, हे विचारणे अगत्याचे ठरते.

चौथी पायरी न्यायालयाची. चोवीस तासांनंतर शोधाचे केंद्र ठाण्यातून न्यायालयात सरकते. वसई येथील न्यायालयात रिमांडचा आदेश झाला असल्यास त्यावरून व्यक्ती पोलीस कोठडीत आहे की न्यायालयीन कोठडीत, हे कळते. कुटुंबास वकील नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे किंवा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर साहाय्य मागता येते. कोणतीच नोंद आढळत नसेल, तर उच्च न्यायालयात देहोपस्थितीचा अर्ज हा अंतिम उपाय होय.

माहितीच्या अधिकाराचा मार्ग येथे मर्यादित आहे. व्यक्तीच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती अठ्ठेचाळीस तासांत देण्याची तरतूद २००५ च्या कायद्यात आहे. मात्र अटकेनंतरचा निर्णायक कालावधी चोवीस तासांचा असतो. त्यामुळे हा मार्ग तातडीच्या शोधापेक्षा मागाहून जबाबदारी निश्चित करण्यास अधिक उपयोगी पडतो.

उघडपणाची मर्यादा :

अमेरिकेत अटकेच्या वेळची छायाचित्रे जमवून खासगी संकेतस्थळांनी ती हटविण्यासाठी पैसे आकारण्याचा धंदा चालविला. तो रोखण्यासाठी २०१३ पासून अनेक राज्यांना कायदे करावे लागले. भारतातही धोका निराळा नाही. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे. तरीही गावात एकदा पसरलेले नाव निर्दोष सुटकेनंतर सहसा पुसले जात नाही. नोकरीपूर्व चारित्र्य पडताळणीत आणि विवाहाच्या बोलणीतही ते आडवे येते. बालकांच्या बाबतीत बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने ओळख उघड करण्यास मनाई केली आहे. प्रौढांच्या बाबतीत मात्र फलकावरील नाव किती काळ राहावे, याविषयी कलम ३७ मौन बाळगते.

निष्कर्ष :

अटकेची नोंद ही मूलतः कुटुंबासाठी, वकिलासाठी आणि न्यायालयासाठी पेटविलेला दिवा आहे. पहिल्या चोवीस तासांत तो जितका प्रखर असेल तितके कोठडीतील व्यक्तीचे रक्षण होते. त्यानंतर तोच प्रकाश निर्दोष व्यक्तीस जाळणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणे व्यक्तीस समजेल त्या भाषेत लेखी द्यावीत, असे स्पष्ट केले. तत्काळ देणे शक्य नसल्यास रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी ती द्यावीत, असेही म्हटले. या निर्णयाने लेखी नोंदीचे महत्त्व आणखी वाढविले आहे.

अटक ज्ञापनावर साक्ष देण्यासाठी कायद्याने 'परिसरातील प्रतिष्ठित व्यक्ती' असा उल्लेख केला आहे. गावात ही व्यक्ती पुष्कळदा शिक्षक वा प्राध्यापक असते. उद्या अशी स्वाक्षरी करण्याचा प्रसंग आल्यास तारीख, वेळ आणि ठिकाण वाचून, खात्री करूनच ती करावी. चोवीस तासांची गणना त्या कागदावरील वेळेवर अवलंबून असते.