काळ्या धातूचा घडवय्या

भट्टीतून काढलेलं लोखंड ऐरणीवर ठेवून पहिला घाव घातला की काळ्या खपल्या उडतात. तापल्या लोखंडाला हवा लागून ऑक्साइडचा हा थर धरतो. इंग्रजीत लोखंडाला ‘काळा धातू’ म्हणायचे ते त्यामुळे, आणि त्याच रंगावरून लोहाराला नाव मिळालं: ‘ब्लॅकस्मिथ’. १५व्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा शब्द लिखाणात भेटतो.

‘ब्लॅक’ समजलं, ‘स्मिथ’चं काय? ‘स्माइट’ म्हणजे ठोकणे, त्यावरून स्मिथ, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. जुन्या इंग्रजीतला स्मिथ म्हणजे घडवणारा, मुख्यतः धातूची वस्तू. त्याचा आइसलँडमधला भाऊबंद तर आजही सुतारकाम करतो.

मग कामांची वाटणी होत गेली. सोन्याचा गोल्डस्मिथ, कुलपांचा लॉकस्मिथ, बंदुकांचा गनस्मिथ. कथलाचं किंवा घासून लखलखीत करायचं काम ‘व्हाइटस्मिथ’कडे. काळा राहिला, पांढरा मात्र बोलण्यातून जवळजवळ पुसला गेला.

लोहाराची खरी कसोटी जोडकामात. दोन लोखंडी टोकं पांढरी पडेपर्यंत तापवायची, वर टाकणखार भुरभुरायचा, एकावर एक ठेवून झटपट घाव घालायचे. क्षणभर उशीर झाला की जोड धरत नाही. साधला, तर शोधूनही सापडत नाही.

ऐरणीवर माणसंही जोडली गेली. १७५४ पासून इंग्लंडमध्ये एकविसाच्या आतल्यांना आईबापांच्या संमतीवाचून लग्न करणं कायद्यानं अवघड झालं. स्कॉटलंडात दोन साक्षीदारांपुढे कबुली पुरे. मग सीमेलगतच्या ग्रेटना ग्रीन गावात पळून आलेल्या जोडप्यांची रीघ लागली. लग्न लावणारे सगळेच काही लोहार नव्हते, पण नाव झालं ते ऐरणीचं. १९४० मध्ये अशी कबुलीची लग्नं कायद्यानं बंद झाली.

आपल्याकडे लोहकाराचा लोहार झाला, सुवर्णकाराचा सोनार, कुंभकाराचा कुंभार, चर्मकाराचा चांभार. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी मधला ‘क’ झिजून गेला. ब्लॅकस्मिथमध्ये दोन तुकडे अजून वेगळे दिसतात. कुठे जोडलंय ते पोरही दाखवील. ‘लोहार’ म्हणताना हा समास आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. जोड पक्का बसलाय.