पिकअपची उंची आणि पाट्यांची कमान

पिकअपचा मागचा भाग पाट्यांवर उभा असतो. चेसिसच्या दोन्ही बाजूंना कमानीसारख्या वाकलेल्या पोलादी पट्ट्यांची एकेक चळत असते. मधोमध सेंटर बोल्टने एकत्र धरलेली ही चळत यू-बोल्टांनी एक्सेलला आवळलेली असते. सर्वांत वरच्या मेन पाट्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात. पुढचं टोक चेसिसच्या ब्रॅकेटमध्ये अडकतं, मागचं शॅकलला जोडलेलं असतं. माल चढला की कमान सपाट होते, सपाट होताना लांबते आणि ती वाढलेली लांबी शॅकल झुलून सामावून घेतो. गाडीची उंची या कमानीत असते, म्हणून गाडी खाली बसवायची तर हात पाट्यांनाच घालावा लागतो.

गाडी खाली बसवण्याची ही हौस अमेरिकेतली, विशेषतः कॅलिफोर्नियातली. तिथे १९७० आणि ८०च्या दशकांत छोट्या जपानी पिकअप जमिनीलगत आणण्याचं वेड पसरलं आणि घरच्या गॅरेजमध्ये बसवता येतील असे तयार संच विकले जाऊ लागले. बहुतेक पिकअपमध्ये पाटे एक्सेलच्या वर असतात. ते एक्सेलच्या खाली नेले की गाडी एक्सेलची जाडी अधिक पाट्यांची जाडी इतकी, म्हणजे सहज पाच-सहा इंच उतरते. पाटे मुळातच खाली असतील तर मध्ये लोखंडी ठोकळा घालून दोन-तीन इंच मिळतात. पाटे वर असताना मात्र तोच ठोकळा गाडी उलट उचलतो. पुढच्या चाकांना टॉर्शन बार असेल तर त्याचा बोल्ट सैल करून उंची घटवतात, कॉइल स्प्रिंग असेल तर आखूड स्प्रिंग घालतात. दाबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये हाड मोडण्याइतका जोर असतो, ते काम योग्य कंप्रेसरशिवाय करूच नये.

उंची घटते ती एक्सेल आणि चेसिस यांमधल्या मोकळ्या जागेतून. खड्ड्यात चाक वर उचललं जातं तेव्हा लागणारी जागा हीच. ती संपली की एक्सेल चेसिसवर आदळतो, म्हणूनच तिकडे एक्सेलच्या वर चेसिसच्या खालच्या कडेला खाच कापून ती जागा पुन्हा मजबूत करावी लागते. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. अनेक पिकअपच्या मागच्या एक्सेलवरून एक बारीक दांडी चेसिसवरच्या ब्रेक व्हॉल्व्हला जाते. चेसिस खाली आली की व्हॉल्व्ह समजतो, गाडी भरलेली आहे, आणि मागच्या चाकांना जादा दाब सोडतो. गाडी खाली बसवून ही दांडी तशीच ठेवली तर रिकाम्या गाडीची मागची चाकं जोराच्या ब्रेकला जाम होतात आणि पावसाळी रस्त्यावर शेपूट फिरते.

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानांसमोर माल उतरवणाऱ्या पिकअपची गरज या हौसेच्या नेमकी उलट आहे. २००५मध्ये टाटा एस आली आणि पाऊण टनाचा माल छोट्या चारचाकीवर गल्लीबोळांत पोहोचू लागला. अमरगोळच्या एपीएमसीतून पोती भरून निघालेल्या गाडीला पाट्यांची पुरेपूर कमान लागते. आपल्याकडे मालक पाटे काढत नाहीत, उलट एक पाटा वाढवून घेतात. तेही योग्य नाही: रिकाम्या गाडीचे दणके मग थेट चेसिसला बसतात आणि मंजूर वजन काही त्याने वाढत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच बजावलं. नियमबाह्य सुटे भाग बसवणाऱ्या मालकाला कलम १८२-ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून मालवाहू पिकअप खाली बसवू नये, हाच निष्कर्ष.

घरी करण्याजोगं, आणि खरोखर लागणारं, काम वेगळं आहे: तुटलेला किंवा बसलेला पाटा बदलून गाडी मूळ उंचीवर आणणं. त्यातली हत्यारं आणि क्रम बराचसा उंची घटवण्याच्या कामातलाच. जमीन सपाट आणि पक्की हवी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावावेत, चेसिस स्टँडवर टेकवावी, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. दुसरा जॅक एक्सेलखाली हलकेच लावून ठेवावा, नाहीतर यू-बोल्ट सुटताच एक्सेल ब्रेकच्या नळीवर लोंबकळतो. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री तेल सोडावं. पाटा बसवताना सेंटर बोल्टचं डोकं एक्सेलच्या भोकात नीट बसलं की नाही हे बोटाने चाचपावं, कारण ते अर्धा इंच सरकलं तरी गाडी तिरकी चालते. जुने यू-बोल्ट ताणले गेलेले असतात, ते परत वापरू नयेत. नवे कोपऱ्याकोपऱ्याने, आलटून पालटून, कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळावेत. पाट्याच्या टोकांचे बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच घट्ट करायचे. हवेत आवळले तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं.

नवे पाटे पहिल्या शे-दीडशे किलोमीटरात एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट सैल पडतात. त्यानंतर पाना घेऊन ते पुन्हा एकदा आवळल्याशिवाय गाडीत माल भरू नये.